ओला रस्ता, कोरडा रस्ता, एकच टायर : निवडताना नक्की काय बघायचं?

लांबपल्ला :

नमस्कार मंडळी,

माझ्या मोटरसायकलचा मागचा टायर मधोमध पार सपाट झालाय आणि पुढच्याला कडेने लाटा आल्यात. दोन्ही एकदमच बदलणार आहे. माप पुढे 110/70 R17, मागे 150/60 R17. गाडी बाराही महिने चालते. रोजचं कामाला जाणं-येणं, शिवाय महिन्यातून एखादी चार-पाचशे किलोमीटरची फेरी. पाऊस आला म्हणून गाडी घरी राहत नाही, आणि ऋतू बघून टायर बदलत बसणं मला जमणारं नाही. एकाच जोडीवर दोन्ही निभवायचं आहे.

धागा काढायचं खरं कारण वेगळं आहे. मागच्या पावसात सिग्नलला थांबताना पांढऱ्या पट्ट्यावर मागचं चाक एकदम बाजूला सरकलं. वेग असेल वीसच्या आसपास. पाय टेकता आला म्हणून गाडी पडली नाही. मागे माझी मुलगी बसली होती. तेव्हापासून रस्ता ओला दिसला की माझे खांदे आखडतात, आणि आखडलेल्या हातांनी गाडी आणखीच वाईट चालते.

ओळखीच्या तिघांना विचारलं, तीन सल्ले मिळाले. एक म्हणाला, नक्षी जितकी खोल तितकी पकड जास्त. दुसरा म्हणाला, एक माप रुंद टाक. तिसरा म्हणाला, पावसात हवा पाच-सात पॉइंट (पीएसआय) कमी ठेव. यातलं खरं काय?

---

डांबरी :

तिन्ही सल्ले चांगल्या मनाने दिलेले आहेत, पण तिन्हींवर चालू नका. नक्षीपासून सुरुवात करतो, कारण मुळातला गैरसमज तिथेच आहे.

खाच म्हणजे टायरवरची रबर नसलेली जागा. जिथे रबर नाही तिथे पकड कुठून येणार? कोरड्या रस्त्यावर सर्वांत जास्त पकड असते ती शर्यतीतल्या गुळगुळीत स्लिक टायरला. खाचांचं काम एकच, चाकाखालच्या पाण्याला निघून जायला वाट देणं. पाणी गेलं की पुढचं सगळं जे रबर टेकलंय त्याच्यावर.

आता रबर रस्ता धरतं कसं ते बघा, म्हणजे तुमचा पांढरा पट्टाही उलगडेल. रबराचे दोन मार्ग असतात. एक, ते रस्त्याच्या पृष्ठभागाला अगदी जवळून चिकटतं. दुसरा, ते खडीच्या बारीक टोकांवर दबतं, त्यांच्याभोवती बसतं आणि सरकताना पुन्हा आकारात येतायेता ऊर्जा गिळतं. पाण्याचा पातळ थर मध्ये आला की पहिला मार्ग जवळजवळ बंद होतो. ओल्यात आपण मुख्यतः दुसऱ्या मार्गावर उभे असतो. म्हणूनच खरखरीत डांबर ओलं असलं तरी बरंच धरतं. पण रंगवलेला पट्टा, गटाराचं लोखंडी झाकण, पुलावरचे धातूचे सांधे, भेगांवर ओतलेलं डांबर, या सगळ्यांवर रबराला बसायला टोकंच नसतात. दोन्ही मार्ग बंद. कोरड्यात चालून जातं कारण पहिला मार्ग उघडा असतो.

खडीभोवती बसायचं तर रबर मऊ हवं, आणि पावसात थंड पडूनही मऊ राहायला हवं. इथे सिलिका (वाळूपासून बनवलेली बारीक पांढरी पूड) येते. जुन्या पद्धतीच्या रबरात भरण म्हणून मुख्यतः कार्बन ब्लॅक (काजळीसारखी काळी पूड) असायचं. सिलिका घातलेलं रबर कमी तापमानालाही लवचीक ठेवता येतं. मिशेलिनने 1992 मध्ये मोटारींच्या टायरमध्ये हे आणलं, पुढे ते दुचाकीच्या टायरमध्येही सर्रास आलं. ओल्या-कोरड्या दोन्हींसाठी टायर बघताना माझा पहिला प्रश्न हाच असतो की रबरात सिलिका भरपूर आहे का, आणि आहे तर कुठल्या भागात.

कुठल्या भागात हे मुद्दाम विचारतोय. हल्ली बरेच टायर दुहेरी रबराचे असतात. मधला पट्टा टिकाऊ, कडेचं रबर मऊ. जाहिरातीत गाडी वळणावर आडवी झालेली दाखवतात आणि कडेच्या मऊपणाचं कौतुक असतं. पण पावसात आपण गाडी झुकवतो किती? फारच थोडी. सगळा प्रवास मधल्या पट्ट्यावर होतो, आणि झिजतोही तोच आधी. पावसासाठी टायर घ्यायचा तर मधल्या पट्ट्याची चौकशी करा.

---

पानापक्कड :

डांबरींनी छान मांडलंय. मी गाड्यांचंच काम करतो, तर रोज हाताखालून जातं ते सांगतो.

मध्यंतरी एक गाडी आली. टायरची नक्षी जवळजवळ नव्यासारखी, मालकाची तक्रार की पावसात गाडी बर्फावर असल्यासारखी पळते. टायरच्या बाजूच्या भिंतीवरचा अंडाकृती चौकटीतला चार आकडी अंक बघितला. टायर नऊ वर्षांचा होता. अंगठ्याचं नख दाबलं तर खूणही उमटेना. गाडी फारशी चालली नव्हती, म्हणून नक्षी शिल्लक, पण रबराचा जीव केव्हाच गेला होता. त्या चार आकड्यांतले पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. 2324 म्हणजे 2024 चा तेविसावा आठवडा. नवा टायर घेताना दुकानात उभं राहून हे वाचाच, दोन्ही टायरवर. टायर बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांचं साधारण म्हणणं असं की पाच वर्षं वापरल्यावर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्या आणि बनल्यापासून दहा वर्षांनी नक्षी कितीही असली तरी काढून टाका. ऊन-पाऊस खाणाऱ्या गाडीला मी दहापर्यंत कधीच थांबणार नाही.

आता रुंद टायर. 150 च्या रिमवर 160 चढवला की टायरच्या भिंती आत ओढल्या जातात आणि गोलाई टोकदार होते. कडेचं रबर रस्त्याला नीट लागतच नाही, गाडी वळायला जड होते. काही गाड्यांत साखळीला किंवा मडगार्डला घासतो. आणि पावसात तर उलटंच होतं. तेच वजन जास्त रुंदीवर पसरलं की पाणी कापायची ताकद कमी होते. कंपनीने दिलेलं माप ठेवा.

मापापुढचे आकडेही वाचा. 150/60 R17 66H असं लिहिलेलं असेल तर 150 मिलिमीटर रुंदी, भिंतीची उंची रुंदीच्या 60 टक्के, R म्हणजे रेडियल, 17 इंची रिम. 66 म्हणजे 300 किलोपर्यंत भार, H म्हणजे ताशी 210 किलोमीटरपर्यंतचा वेग. हे शेवटचे दोन गाडीच्या पुस्तकात आहेत त्यापेक्षा खालचे घेऊ नका. तुम्ही मुलीला मागे बसवता, सामान नेता, भाराचा आकडा तुमच्यासाठी महत्त्वाचा आहे.

---

मातीरस्ता :

डांबरी, एक आक्षेप आहे. तुम्ही नक्षीला जरा जास्तच खाली पाडलंय. शहरातल्या वेगाला तुमचं सगळं बरोबर. पण महामार्गावर चाकोरीत पाणी साचलेलं असताना नव्वदने जाणाऱ्याला विचारा. माझा पुढचा टायर जवळपास गोटा झाला होता, आज-उद्या बदलू म्हणत होतो. पाण्यात शिरलो आणि हँडल हातात हलकं झालं. चाक वळतंय, गाडी वळत नाही. दोन सेकंदच असेल, पण ते दोन सेकंद मी अजून विसरलेलो नाही. तिथे रबर कितीही मऊ असतं तरी काय उपयोग होता? ते रस्त्याला लागलंच नव्हतं.

---

डांबरी :

आक्षेप मान्य, पूर्ण मान्य. माझं वाक्य अर्धवट होतं. पाणी साचलेलं असेल तर आधी खाच, मग रबर. नुसता ओला रस्ता असेल तर आधी रबर. आपल्या रोजच्या चालवण्यात दुसरी परिस्थिती कितीतरी जास्त वेळा येते म्हणून मी तिच्यावर भर दिला, पण पहिली आली की ती माफ करत नाही.

म्हणूनच झिजेची खूण दिसेपर्यंत थांबू नये. खाचांच्या तळाशी जे छोटे उंचवटे असतात तीच ती खूण. दुचाकीच्या टायरवर ते बहुधा 0.8 मिलिमीटर उंचीचे असतात. तिथपर्यंत टायर कायद्याने चालत असेलही, पण 0.8 मिलिमीटरच्या खाचेतून पाणी जाणार किती? माझा स्वतःचा नियम असा आहे की मधल्या खाचेची खोली 2 मिलिमीटरवर आली की पावसाळ्याआधी टायर बदलायचा.

आणि इथेच हवेचा सल्ला मोडीत निघतो. टायर पाण्यावर तरंगायला लागण्याचा वेग हवेच्या दाबाच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो. विमानांच्या चाकांवरच्या प्रयोगांतून आलेलं एक ढोबळ सूत्र आहे. त्यात 36 पॉइंट हवेला हा वेग ताशी साधारण 100 किलोमीटर येतो, 25 पॉइंटला 83. मोटरसायकलचं चाक अरुंद आणि गोल असतं, ते होडीच्या नाळेसारखं पाणी कापतं, त्यामुळे नेमके आकडे आपल्याला लागू नाहीत. दिशा मात्र लागू आहे. हवा कमी केलीत तर टायर लवकर तरंगेल. शिवाय हवा कमी असली की खाचांची तोंडं दबून मिटतात. पाण्याची वाट आपणच बुजवल्यासारखं होतं.

---

कोपरा :

हवा कमी करण्याचा सल्ला शर्यतीच्या ट्रॅकवरून आलाय. तिथे टायर गरम करण्यासाठी आणि गरम झाल्यावर दाब वाढतो म्हणून सुरुवातीचा दाब कमी ठेवतात. तो हिशेब रस्त्यावर लावू नये.

माझा प्रश्न असा की स्पोर्ट टायरचं रबर सर्वांत मऊ, मग मऊच हवं असेल तर तोच का घेऊ नये?

---

डांबरी :

कारण तो मऊ असतो ते त्याच्या तापमानाला आल्यावर. वेगात, झुकवून, जोरात ब्रेक मारून तो तापतो तेव्हा. पावसात रस्ता थंड, वरून पाणी टायरला सतत थंड करतंय, आणि आपण जपून चालवतोय. टायर त्याच्या तापमानाला कधी येतच नाही. त्यात खाचाही कमी असतात. स्पोर्ट-टूरिंग, म्हणजे वेग आणि लांबचा प्रवास दोन्हींसाठीचा टायर, थंड असतानाच कामाला लागावा अशा बेताने बनवलेला असतो. सुरुवातीच्या पहिल्या दोन किलोमीटरला कोण किती धरतं, हा रस्त्यावरच्या माणसासाठी खरा प्रश्न आहे.

शर्यतीचंच उदाहरण घ्यायचं तर तिथेही दोन्हींसाठी एक टायर नाही. मोटोजीपीमध्ये, म्हणजे मोटरसायकल शर्यतींच्या जागतिक मालिकेत, 2005 पासून नियम आहे की शर्यत चालू असताना पाऊस आला तर स्वार गाडीच बदलतो, वेगळ्या टायरवर उभी केलेली दुसरी गाडी घेतो. 2006 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या फिलिप आयलंडला ते पहिल्यांदा घडलं. ओल्यासाठीचे टायर ट्रॅक सुकला की काही फेऱ्यांत तापून फाटायला लागतात, कारण खोल खाचांमधले रबराचे सुटे ठोकळे कोरड्यात हलतात. रस्त्यावर आपल्याला गाडी बदलता येत नाही. म्हणून तडजोड, आणि त्या तडजोडीचं नाव स्पोर्ट-टूरिंग.

---

मातीरस्ता :

हलणाऱ्या ठोकळ्यांचा अनुभव माझ्या मातीच्या टायरवर रोज आहे. निम्मा रस्ता, निम्मी माती अशा टायरला मोठे गोटे, म्हणजे रबराचे उंच ठोकळे, असतात. बघणाऱ्याला वाटतं काय पकड असेल! डांबरावर, त्यातही ओल्या डांबरावर, ब्रेक मारला की गोटे वाकतात आणि गाडी अधांतरी वाटते. टेकणारं रबरच कमी. लांबपल्ला, माती तुमच्या वाटेत नसेल तर दिसायला दणकट म्हणून असले टायर घेऊ नका.

---

रोजची_फेरी :

मी नवीन आहे, महिनाभरापूर्वी गाडी घेतली. 125 सीसी, साधे टायर, R असं काही लिहिलेलंच नाही. मग माझ्यासाठी हे सगळं लागू आहे का? आणि कुणीतरी सांगितलं की पावसात पुढचा ब्रेक वापरूच नको.

---

पानापक्कड :

ताई, सगळं लागू आहे. तुमचे टायर बायस प्रकारचे असतील, आतले धागे तिरके एकावर एक टाकलेले. हलक्या गाडीला तेच योग्य असतात. फक्त एका चाकाला बायस आणि दुसऱ्याला रेडियल असं स्वतःहून करू नका. गाडीचं पुस्तक सांगेल तीच जोडी ठेवा. तुमच्या मापात स्पोर्ट-टूरिंग असा वेगळा प्रकार बहुतेक मिळणार नाही. तेव्हा तारीख, रबराचा मऊपणा आणि मधल्या पट्ट्यातल्या पाणी काढणाऱ्या खाचा बघा. नव्या टायरवर पहिले शंभर-दोनशे किलोमीटर हळू. वरचा थर गुळगुळीत असतो, तो रस्त्यावर घासून खरखरीत व्हावा लागतो. पावसात तर फारच सांभाळून.

पुढच्या ब्रेकबद्दल कृपया तो सल्ला विसरा. ब्रेक मारला की वजन पुढच्या चाकावर येतं, म्हणजे जास्त पकड तिथेच असते. फक्त दाबायची पद्धत बदला. एकदम नाही, आधी हलकेच, गाडी पुढे बसली की वाढवत. मोकळ्या, सरळ, ओल्या रस्त्यावर कमी वेगात याचा सराव करा.

अंतर मात्र भरपूर ठेवा. ताशी 60 वरून थांबताना घर्षणाचा गुणांक कोरड्यात 0.8 धरला तर नुसत्या ब्रेकचं अंतर सुमारे 18 मीटर होतं. ओल्यात 0.5 धरला तर 28. त्याआधी मेंदूने ठरवायला एक सेकंद घेतला तर आणखी 17 मीटर. एबीएस असलं तरी ते चाक अडकू देत नाही एवढंच. नसलेली पकड ते आणू शकत नाही.

---

लांबपल्ला :

सगळ्यांचे मनापासून आभार. प्रत्येक प्रतिसाद दोनदा वाचला. एक अडचण राहते. सिलिका किती, ओल्यात कसा, हे तुलना करून बघायचं कुठे?

---

कोपरा :

युरोपात मोटारींच्या टायरवर 2012 पासून ओल्या पकडीची श्रेणी छापलेली असते. मोटरसायकलच्या टायरना ती पद्धत लागू नाही. ती असायला हवी असं मला फार वाटतं. मोटारीचं चाक घसरलं तर गाडी उभी राहते, आपण उभे राहत नाही.

तोपर्यंत काय करायचं तर बऱ्याच टायरच्या ओल्या ट्रॅकवरच्या तुलनात्मक चाचण्या वाचायच्या, आणि त्याही नव्या टायरच्याच नव्हे तर काही हजार किलोमीटर चाललेल्या टायरच्या. नवा असताना सगळेच चांगले वाटतात. काही टायरमध्ये केसासारख्या बारीक चिरा असतात, रबराचा भाग फार मोकळा न करता पाण्याचा थर तोडायला. मिशेलिनने 2011 च्या पायलट रोड 3 मध्ये त्या दिल्या होत्या. चीर झिजेनंतरही खोलवर शिल्लक राहते की आधीच संपते, हे विचारून घ्या. पिरेली एंजल जीटी, मेट्झेलर रोडटेक, ब्रिजस्टोन बॅटलॅक्सची टी मालिका, डनलॉप रोडस्मार्ट, कॉन्टिनेंटल रोडअटॅक ही सगळी याच स्पोर्ट-टूरिंग घराण्यातली. तुमच्या मापात जो ताजा बनलेला मिळेल तो या यादीतून घ्या. त्यांच्यातल्या फरकापेक्षा ताज्या आणि शिळ्या टायरमधला फरक मोठा असतो.

---

लांबपल्ला :

तीन आठवड्यांनी लिहितोय. याच घराण्यातली जोडी बसवली, पुढचा-मागचा एकाच मालिकेतला. दुकानात पहिल्यांदा दाखवलेला मागचा टायर चार वर्षांपूर्वीचा निघाला, तो नम्रपणे परत केला आणि सहा दिवस थांबून ताजा घेतला. हवा मोजायचं यंत्र स्वतःचं घेतलं. सकाळी गाडी हलवण्याआधी, टायर थंड असताना, पुस्तकातल्या आकड्याला हवा. जुन्या टायरमध्ये मागे तब्बल आठ पॉइंट कमी होती, म्हणजे तो सल्ला मी न ऐकताच पाळत होतो.

पहिले दोनशे किलोमीटर कोरडे मिळाले, मग दोन दिवस संततधार. फरक पहिल्या वळणावरच जाणवला. गाडी आता सांगत असते की चाकाखाली काय चाललंय. त्या सिग्नलच्या पांढऱ्या पट्ट्यावर मुद्दाम सावकाश जाऊन मागचा ब्रेक दाबून बघितला. चाक अजूनही सरकतं, जरा उशिराने आणि हळू. डांबरींनी म्हटलं होतं तसंच. आता पट्ट्याच्या अलीकडे डांबरावरच वेग उतरवतो आणि पट्टा ब्रेक न लावता ओलांडतो. परवा मुलगी पुन्हा मागे बसली.

एक शंका. पुढच्या टायरची नक्षी मागच्याच्या उलट दिशेने जाताना दिसते. चुकीचा बसवलाय का?

---

पानापक्कड :

भिंतीवर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो, तो बघा. बाण पुढे जाताना चाक ज्या दिशेने फिरतं त्याच दिशेला असेल तर बरोबर बसवलाय. नक्षी उलटी दिसणं बऱ्याच टायरमध्ये मुद्दाम असतं. मागच्या चाकावर मोठा जोर गाडी ढकलण्याचा येतो, पुढच्यावर ब्रेकचा, म्हणजे उलट दिशेचा. आतल्या थरांचे सांधे आणि खाचांच्या कडा त्या जोराला धरून राहाव्यात म्हणून तशी रचना करतात. बाण उलटा असेल तर मात्र आजच जाऊन फिरवून घ्या, आणि चाक उतरवलंच आहे तर बॅलन्सिंगही पुन्हा करायला सांगा.